स्कूटरवर कोकणातले घाट उतरताना या चुका टाळा

एनटॉर्क, ॲक्सेस, बर्गमन, एरॉक्स अशा 125 ते 155 सीसीच्या स्कूटर ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली, आंबा, आंबोली यांतला कुठलाही घाट नीट चढतात. तरी कोकणात यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो चढाचाच: दोघं बसून सामानासकट गाडी ओढेल का? उतरायचं कसं, हे क्वचितच कुणी विचारतं. स्कूटरची खरी परीक्षा मात्र उतारावर होते. बाईकला दुसरा गिअर टाकला की इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं. स्कूटरला गिअर नाही, म्हणजे इंजिनाचा आधारही नाही, असं समजून लोक सगळा घाट नुसत्या ब्रेकवर उतरतात. आधार स्कूटरलाही असतो. तो कधी मिळतो आणि कधी सुटतो, एवढं कळलं की निम्म्या चुका होतच नाहीत.

गाडी मोकळी सोडून देणं

स्कूटरचा क्लच वेगावर चालतो. इंजिन वेगाने फिरू लागलं की क्लच शू (क्लचमधले पकड घेणारे तुकडे) बाहेर फेकले जातात, क्लचच्या ड्रमला धरतात आणि चाक इंजिनाला जोडलं जातं. चाकाचा वेग फार उतरला की तेच शू आत येतात आणि चाक मोकळं होतं. साधारण ताशी पंधरा किलोमीटरच्या खाली, काही गाड्यांत थोडं वर-खाली, हे घडतं. उतारावर अगदी हळू जाताना मध्येच गाडी ‘सुटल्यासारखी’ वाटते ती यामुळे.

म्हणून उभ्या गाडीवरून उतार सुरू करताना एक्सलेटर शून्यावर ठेवून गाडी घरंगळू देऊ नका. थोडी रेस द्या, क्लच धरल्याचं जाणवलं की एक्सलेटर सोडा. आता इंजिन गाडीला मागे ओढतंय हे तुम्हाला स्पष्ट कळेल. वळणावर वेग फार पडून गाडी पुन्हा मोकळी झाली, तर परत हलकीशी रेस द्यायची आणि सोडायची. उतारावर रेस द्यायला हात धजत नाही, पण इथे ती थेंबभरच द्यायची असते.

दुसरी गोष्ट वेगाची. सीव्हीटीत, म्हणजे स्कूटरच्या बिनगिअरच्या बेल्ट-पुलीच्या यंत्रणेत, बेल्ट पुलीवर वर-खाली सरकत असतो. वेग जास्त असला की गाडी जणू वरच्या गिअरमध्ये असते आणि इंजिनाची ओढ कमी मिळते. वेग तीसच्या आसपास असताना हीच ओढ चांगली जाणवते. त्यामुळे वेग उतार लागायच्या आधी कमी करा. साठने उतारात शिरून मग इंजिनावर भरवसा ठेवला, तर ते पुरं पडत नाही.

पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणं ही तर सरळ धोक्याची सवय. इंजिनाची ओढ नीट मिळत नाही, आणि किल्ली फिरवली असेल तर दिवा-हॉर्न जातो, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर तेही बंद होतं. शिवाय बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या एक्सलेटर सोडून उतरताना पेट्रोल जवळजवळ तोडतातच, त्यामुळे वाचवायला फारसं काही उरतही नाही.

ब्रेक सतत घासत ठेवणं

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरहून उंच आणि पोलादपूर जवळजवळ पायथ्याशी. आंबेनळी घाटाच्या या उतारावर डाव्या हाताचा ब्रेक सारखा अर्धवट दाबून धरला, तर मागचा ड्रम (चाकातला गोल डबा, ज्याला आतून लायनर दाबले की ब्रेक लागतो) इतका तापतो की लायनरची पकड कमी होते. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब राहतात आणि लिव्हर हँडलच्या दिशेने जास्त जास्त आत जाऊ लागतो. ही सूचना आहे. ती मिळाल्यावर ‘पुढच्या टपरीपर्यंत जाऊ’ म्हणू नका.

ब्रेक थोडाच वेळ पण ठामपणे लावा, वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. दोन दाबांच्या मध्ये ड्रमला वारा लागू द्या. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना 2019 मध्ये सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं; सीबीएस म्हणजे डावा लिव्हर दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. पण तेवढ्यावर भागत नाही. पुढचा ब्रेक वापरायचाच. ‘पुढचा लावला की माणूस पडतो’ ही समजूत वळणात किंवा चिखलावर तो करकचून दाबणाऱ्यांमुळे पसरली आहे. गाडी सरळ असताना, वळणाच्या आधी, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत लावले तर वेग उतरवण्याचं मोठं काम पुढचाच करतो.

*लिव्हर आत जाऊ लागला तर:* सपाट जागा बघून थांबा आणि वीसेक मिनिटं गाडी थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका. धातू अचानक आकसून वाकतो, तडाही जाऊ शकतो. थंड झाल्यावर ड्रमचा लिव्हर पूर्ववत झाला नाही, तर मागच्या चाकाजवळचा ब्रेकचा नट थोडा आवळून घ्या आणि पुढच्या गॅरेजमध्ये लायनर बघायला सांगा. डिस्कचा लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि ओल शिरली की लवकर उकळतं. कोकणात राहणाऱ्यांनी ते दोन वर्षांनी बदललंच पाहिजे, ब्रेक कितीही चांगला वाटत असला तरी.

नाव नसलेला उतार हलक्यात घेणं

कशेडी, परशुराम म्हटलं की माणूस सावध होतो. पण कोकणात दोन सड्यांच्या (कातळाच्या पठारांच्या) मध्ये खाडी असते, आणि प्रत्येक खाडीला एक उतार नि एक चढ ठरलेला. दापोलीहून हर्णैला उतरताना, आरे-वारेच्या रस्त्यावर, देवगड-विजयदुर्ग भागात, कुठेही ‘घाट सुरू’ असा फलक लागत नाही आणि वळणं मात्र घाटाचीच. समोर निळं पाणी दिसलं की नजर तिकडे जाते. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या घाटापेक्षा या छोट्या उतारांवर जास्त जपावं. रस्ता अरुंद, साइडपट्टी पावसाने खचलेली, आणि डांबराची कड एखाद्या पायरीएवढी खोल. तेवढ्या उंचीवरून स्कूटरचं छोटं चाक खाली उतरलं की तिरकं परत वर घेता येत नाही. चाक चुकून खाली गेलंच, तर हँडल ओढू नका. सरळ चालत वेग उतरवा, थांबा आणि मग वर घ्या.

चिरेखाणींच्या आसपास डंपरच्या चाकांनी लाल माती रस्त्यावर येते. कोरडी असताना ती रव्यासारखी सरकते आणि भुरभुर पावसात साबण होते. झाडांच्या कमानीखाली शेवाळ, तीव्र वळणांवर ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल. अशा ठिकाणी आधी वेग कमी, मग हात स्थिर, ब्रेक नाही.

वळणावर मोठ्या गाडीच्या पोटात शिरणं

एसटी किंवा लांब ट्रक तीव्र वळण घेताना आधी बाहेर जातो आणि मग त्याची मागची चाकं आतल्या कडेवरून येतात. आत रिकामी दिसणारी जागा ही त्या चाकांची आहे. तिथे स्कूटर घालू नका, मागे थांबा. उजव्या वळणावर मधली रेघ ओलांडून वळण ‘कापण्याची’ सवय तितकीच वाईट. समोरचं वाहनही तेच करत असतं. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचं. हॉर्न वळणाच्या आधी द्या, वळणात शिरल्यावर नव्हे.

पाणी साचलेल्या रस्त्यातून दामटणं

आंबोलीत वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात वरंध घाट दरडींमुळे वारंवार बंद ठेवला जातो, तेव्हा निघायच्या आधी रस्ता चालू आहे का ते विचारून घ्या. स्कूटरचा बेल्ट हवेवर थंड होतो, म्हणून त्याच्या डब्यात हवा जायला वाट असते, आणि त्याच वाटेने पाणीही शिरतं. रेस वाढते, आवाज वाढतो, गाडी जागची हलत नाही: बेल्ट ओला झालाय. रेटून रेस देऊ नका, बेल्ट जळतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक काही मिनिटं हळू फिरू द्या. पकड परत आली तर पुढे निघा, पण मुक्कामी पोचल्यावर डबा उघडून साफ करून घ्या.

पाणी नसतानाही चढावर असंच होत असेल, तर बेल्ट किंवा रोलर झिजलेत. चढ सुरू करताना गाडी थरथरत असेल तर क्लच शू गुळगुळीत झालेत. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक न लावता रेसवर गाडी धरून ठेवणाऱ्यांचे शू असेच जातात.

उतारावर साइड स्टँडवर सोडून जाणं

बाईक गिअरमध्ये ठेवून उतारावर उभी करता येते. स्कूटरचं मागचं चाक इंजिन बंद झालं की मोकळं असतं. तोंड उताराकडे करून साइड स्टँडवर लावलेली गाडी पुढे सरकते, स्टँड मिटतो आणि ती आडवी होते. तोंड चढाकडे ठेवा, शक्यतो मेन स्टँड लावा, डाव्या लिव्हरला ब्रेक लॉकची कडी असेल तर ती अडकवा.

फेरीबोटीतही हेच. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला जेट्टीवर बोटीचा लोखंडी उतार ओला असतो. त्यावर सरळ चढा, अर्ध्यात वळू नका, आणि बोट चालू असेपर्यंत गाडीजवळ उभे राहा.

समुद्रकिनाऱ्यावर राहिलात तर परत निघण्यापूर्वी गाडी गोड्या पाण्याने धुवा. पाण्याचा जोरदार फवारा ड्रमवर आणि बेल्टच्या डब्यावर मारू नका. धुतल्यावर सपाट रस्त्यावर चार-सहा वेळा ब्रेक लावून लायनर कोरडे करा, मगच घाटाकडे वळा.