‘फालतू’ ओळ आणि कर्नलमधले हूक

कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामात नव्याने पडणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘आधी साफसफाईचे पॅच, म्हणजे कोडमधले छोटे बदल, कर, त्यात धोका नाही.’ मलाही तोच मिळाला होता. आमच्याकडे एका प्रोसेसरसाठी लिनक्सचं खासगी पोर्ट (त्यावर चालेल असं रूप) होतं, मुख्य कर्नलमध्ये कधीच न गेलेलं. ते कर्नलच्या ५.१८ आवृत्तीवर आणायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिलाच बिल्ड आपटला. ट्रेसहूक नावाची हेडर फाइल सापडत नाही, असं कंपायलर म्हणत होता.

अशा वेळी जुनी फाइल कुठून तरी आणून चिकटवायचा मोह होतो. तो आवरा आणि आधी गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास, वाचा. फाइल का गेली, हे ती काढणाऱ्याने कमिट मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, आणि तिथे जे कळतं ते ट्युटोरियलमध्ये मिळत नाही.

प्रकरण असं होतं. जीडीबी हा डीबगर आणि प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेल्या मागण्या) दाखवणारं एसट्रेस, दोन्ही पीट्रेसच्या जिवावर चालतात. पीट्रेस म्हणजे एका प्रोग्रॅमला दुसऱ्यावर लक्ष ठेवू देणारा सिस्टिम कॉल. एसट्रेसखाली चाललेला प्रोग्रॅम प्रत्येक सिस्टिम कॉलला दोनदा थांबतो, आत शिरताना आणि बाहेर पडताना. या थांब्यांच्या जागा म्हणजेच हूक. २००८ साली, २.६.२७ मध्ये, रोलंड मॅक्ग्रा यांनी आर्किटेक्चरागणिक (प्रोसेसरच्या प्रकारागणिक) विखुरलेले हे हूक ट्रेसहूक नावाच्या एका थराखाली आणले. पुढे यूट्रेस ही ट्रेसिंगची नवी यंत्रणा बसवायची होती, त्याची ही पूर्वतयारी. यूट्रेस मुख्य कर्नलमध्ये आलंच नाही. नवरदेव आला नाही, मांडव मात्र चौदा वर्षं उभा! २०२२ मध्ये, ५.१८ ला, एरिक बीडरमन यांनी तो उतरवला.

उतरवताना नावंही खरी झाली. ‘ट्रेसहूक नोटिफाय रिझ्यूम’ या फंक्शनचा ट्रेसिंगशी संबंधच नव्हता. यूझर मोडला, म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या कोडकडे, परतण्याआधी उरलेली कामं उरकणं, एवढंच ते करायचं. आता त्याचं नाव ‘रिझ्यूम यूझर मोड वर्क’ आहे. सिस्टिम कॉलच्या तोंडावरचा हूक पीट्रेसचाच होता, म्हणून त्याला पीट्रेसचं नाव मिळालं. मला विचाराल तर या सगळ्या बदलातला सर्वात मोलाचा भाग हाच. चुकीचं नाव वाचून माणूस चुकीच्या ठिकाणी बग शोधत बसतो.

आमच्या पोर्टमध्ये हे बदल करायला अर्धा दिवस पुरला. मग मी हुशारी केली. सिस्टिम कॉलच्या एंट्री कोडमध्ये कॉलचा नंबर प्रोसेसरच्या रजिस्टरमधून वाचला जात होता, मग पीट्रेसचा हूक, आणि हूकनंतर तोच नंबर पुन्हा वाचला जात होता. एकच गोष्ट दोनदा कशाला, म्हणून दुसरी ओळ मी उडवली. बिल्ड झाला, बूट झालं, एसट्रेसही व्यवस्थित चाललं.

काही दिवसांनी टेस्टिंगवाल्या सहकाऱ्याने एसट्रेसची इंजेक्ट सोय वापरली. ठरावीक सिस्टिम कॉल मुद्दाम फसवायला ती असते. त्याने फाइल पुसणारा अनलिंकॲट कॉल फसवायला लावला आणि आरएम ही फाइल पुसायची कमांड चालवली. आरएम म्हणालं, फाइल पुसता येत नाही. एलएस करून फाइलींची यादी पाहिली तर फाइल गायब!

दोन दिवस मी एसट्रेसवरच संशय घेत होतो. त्यात एंट्री कोडमध्ये प्रिंटके (कर्नलचं संदेश छापायचं फंक्शन) टाकायचा गाढवपणा केला. प्रत्येक सिस्टिम कॉलला एक ओळ, ती ओळ वाचून साठवणाऱ्या प्रोसेसचे आणखी कॉल, त्यांच्या आणखी ओळी. सीरियल कन्सोलवर मशीन अक्षरशः रांगायला लागलं. अशा जागी ट्रेस-प्रिंटके वापरा. ते कन्सोलकडे न जाता मेमरीतल्या रिंग बफरमध्ये लिहितं. मात्र पॅच पाठवण्याआधी काढून टाका, नाहीतर कर्नल आपल्या लॉगमध्ये मोठी चौकट छापून ‘हा डीबग कर्नल आहे’ असं सगळ्यांना सांगतो.

शेवटी मीही तेच वापरलं, आणि त्या ट्रेसमध्ये उत्तर समोर आलं. एसट्रेस कॉल फसवतं ते हूकमध्ये थांबलेल्या प्रोसेसचा कॉल नंबर उणे एक (म्हणजे कुठलाच कॉल नाही) करून. माझ्या कोडला तो बदल कळतच नव्हता, कारण तो हूकच्या आधी वाचलेला नंबर धरून बसला होता. फाइल खरोखर पुसली जात होती, आणि बाहेर पडताना एसट्रेस परतीच्या रजिस्टरमध्ये एरर ठेवत होतं. आरएम बिचारं त्यावर विश्वास ठेवत होतं. मी उडवलेली ‘फालतू’ ओळ नेमकी याचसाठी होती. मुख्य कर्नलच्या सामाईक एंट्री कोडमध्येही हूकनंतर नंबर पुन्हा वाचतात, आणि का ते वर कॉमेंटमध्ये लिहिलंय. आमच्या पोर्टमध्ये कॉमेंट नव्हती. (मी ती वाचली असती का, हा वेगळा प्रश्न.)

हूकचा क्रमही असाच नाजूक. कर्नल ४.८ येईपर्यंत सेककॉम्पची (कुठले सिस्टिम कॉल चालू द्यायचे ते ठरवणाऱ्या चाळणीची) तपासणी पीट्रेसच्या आधी व्हायची. म्हणजे दारावर झडती झाल्यावर पाहुण्याच्या हातात दुसरी पिशवी देता यायची. ४.८ ला क्रम उलटवला. म्हणून दोन हूक शेजारी दिसले की ‘कुणीही आधी आला तरी चालेल’ असं धरून चालू नका.

पॅचच्या बाबतीत मी आता एक पथ्य कडक पाळतो: कोड हलवणं एका पॅचमध्ये, नाव बदलणं दुसऱ्यात, आणि वागणूक बदलणारी एक ओळ असली तरी तिसऱ्यात. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड आणि बूट झालाच पाहिजे, नाहीतर गिट बायसेक्ट (बग आणणारा बदल शोधायची सोय) निकामी. माझी ती ओळ चारशे ओळींच्या हलवाहलवीत दडली होती, म्हणून रिव्ह्यूमध्ये कुणाच्याच डोळ्यांत आली नाही. गिट डिफला ‘कलर-मूव्हड’ पर्याय दिला की नुसत्या हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात येतात आणि खरोखर गेलेली ओळ उठून दिसते.

कोड वाचून वाट कळत नसेल तर ती चालताना बघा. क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये कर्नल बूट करा, ट्रेसएफएस या ट्रेसिंगच्या फाइलसिस्टिममध्ये करंट ट्रेसर म्हणून फंक्शन ग्राफ लावा आणि एखाद्याच फंक्शनपुरता मर्यादित ठेवा. कोण कुणाला बोलावतंय ते कंसांसकट दिसतं. एंट्रीच्या अगदी सुरुवातीचा कोड मात्र त्यात दिसणार नाही. तिथे ट्रेसिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. आणि हूकला हात लावलात तर बूट झालं म्हणून खूश होऊ नका. कर्नलच्या सेल्फटेस्टमधल्या पीट्रेस आणि सेककॉम्पच्या चाचण्या चालवा. कॉल नंबर मध्येच बदलणारी चाचणी सेककॉम्पमध्ये तयारच होती. मी ती चालवली नव्हती.