आगोटीच्या कामांत हायड्रोपोनिक्सचे सेन्सरही धरा

मृगाआधी घराची शाकारणी आपण न चुकता उरकतो. शेडनेटमधल्या हायड्रोपोनिक्सच्या, म्हणजे मातीविना पाण्यावर वाढवलेल्या पिकाच्या सेन्सरांची आठवण मात्र जुलैत लेट्यूसने माना टाकल्यावर होते.

कोकणात पावसाळ्यात लाईट आणि रेंज हमखास जातात, तीही बहुधा जोडीनेच. म्हणून मोबाइलवर येणाऱ्या अलर्टच्या भरवशावर राहू नका. पाइपमधून पाणी फिरवण्याच्या पद्धतीत मोटर थांबली, तर उघडिपीच्या दिवशी काही तासांतच मुळं सुकू लागतात. पाणी टाकीत परत पडतं त्या तोंडाशी प्रवाहाचा सेन्सर बसवा आणि तो थेट बॅटरीवरच्या भोंग्याला जोडा, मध्ये इंटरनेट नको. नुसता मोटरचा करंट पाहून भागत नाही. फिल्टर तुंबला तरी मोटर चालूच दिसते. पैसे एकाच सेन्सरपुरते असतील तर मी हाच घेईन.

ईसी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं आणि खताचं माप, उतरला की लगेच खत ओतायची घाई नको. आधी टाकीची पातळी बघा. पातळी चढून ईसी उतरला असेल तर पावसाचं पाणी आत येतंय, झाकण नीट करा. पातळी उतरून ईसी चढला तर झाडं पाणी जास्त ओढतायत, साधं पाणी घाला. लेट्यूसला साधारण ०.८ ते १.२ मिलीसीमेन्स पुरतो. हेच माप पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) दाखवणाऱ्या मीटरवर १.२ ईसी कुठे ६०० दिसतो, कुठे ८४०. मीटर कुठल्या मापाने मोजतो ते माहितीपत्रकात पाहून घ्या. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ असलं तरी पाऊस धरल्यावर गोडं होतं. मेमधलंच खताचं प्रमाण तेव्हा चालत नाही; नुसत्या पाण्याचा ईसी मोजून नव्याने ठरवा.

पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, ५.५ ते ६.५ मध्ये ठेवा. पीएच मीटरच्या प्रोबवर, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या टोकावर, शेवाळी बुळबुळीत थर चढला की आकडे खोटे येतात. पंधरवड्याने प्रोब हलक्या हाताने धुऊन ७ आणि ४ पीएचच्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) कॅलिब्रेट करा, म्हणजे आकडा जुळवून घ्या. काढून ठेवायचा झाला तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात. डिस्टिल्ड पाण्यात नको, कोरडा तर मुळीच नको.

खाऱ्या हवेने तांब्याची टोकं हिरवी पडतात. सेन्सरच्या जोडण्या असलेल्या डब्याला वायरीची भोकं खालच्या बाजूने पाडा, वायरीला झोळ द्या म्हणजे पाणी डब्यात न जाता खाली ठिबकेल. आत सिलिका जेलची पुडी ठेवा. भोकं बुजवायला विसरू नका, मुंग्या ऊब शोधत येतातच.

आर्द्रतेचा अलार्म मात्र सरळ बंद करून टाका. आपल्याकडे आषाढात नव्वदच्या वर आकडा रोजचाच, आणि दिवसभर वाजणाऱ्या भोंग्याकडे शेवटी कुणी बघत नाही. त्याऐवजी पंखे वेळापत्रकावर चालवा. हवा हलली नाही तर पानांच्या टोकांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि कडा करपतात.

गडगडाट सुरू होण्याआधीच राउटर आणि अडॅप्टर सॉकेटमधून काढा. विहिरीपासून शेडपर्यंत लांब वायर ओढली असेल तर तीही सोडवून ठेवा. भोंग्याला स्वतःची बॅटरी आहे, तो तेवढा चालू राहू दे.