साठीनंतर एकट्याने गोवा: या चुका टाळा

साठी उलटल्यावर एकट्याने गोव्याला येणारे बरेच जण येतात एकटे, पण फिरतात सहलीच्या बसच्या वेगाने. सकाळी मंगेशी, लगेच शांतादुर्गा, दुपारी जुनं गोवं, संध्याकाळी मिरामार. पहिल्या खेपेला मीही हेच केलं आणि दुसरा अख्खा दिवस गुडघे शेकत खोलीत काढला. आता दिवसाला एकच ठिकाण.

सुरुवात तिकिटापासून. रेल्वेत ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोघंच असतील तरच. शेजारपाजारच्या चौघांबरोबर तिकीट काढलं की तो हातचा जातो. बुकिंग करताना कोट्याच्या जागी तो आठवणीने निवडा. दुसरं म्हणजे डोळे झाकून मडगाव घेऊ नका. पणजीला राहायचं असेल तर करमळी जवळ, म्हापशाकडे जायचं तर थिवी. करमळीला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेवढं पाहून घ्या.

खोली घेताना फोनवर स्पष्ट विचारा: तळमजला आहे का, कमोड आहे का, जिन्याला कठडा आहे का? देवस्थानच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या निवासात, उतरणार असाल तरी विचाराच, संकोच नको.

पणजी-मडगाव किंवा पणजी-वास्को जाताना पहिली दिसेल ती बस धरू नका. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, शटलचं तिकीट आधी खिडकीवर मिळतं, बसायला जागा नक्की आणि वाटेत थांबे नाहीत.

दुपारी एकनंतर पुष्कळ दुकानं बंद होतात. त्या वेळी उन्हात भटकण्याचा हट्ट सोडा. जेवून आडवं व्हा, नाहीतर पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसा. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था पणजीच्या बसस्टँडपासून जवळ आहे. मराठी वर्तमानपत्र हातात आलं की परक्या गावी असल्यासारखं वाटत नाही. एकटेपणा टोचतो तो बहुतेक दुपारी, म्हणून हे आवर्जून सांगते.

दिवाडी बेटावर मात्र जाच. जुन्या गोव्याहून फेरीबोट आहे, चालत येणाऱ्याला तिकीट नाही. इथली चूक म्हणजे उतरण्याची घाई. बोट टेकली की पुढची लोखंडी फळी खाली येते, ती ओली असते आणि स्कूटरवाले एकदम सुटतात. मी पाऊल टाकणार तेवढ्यात बोटीवरचा मुलगा ओरडला, "मावशी, मातशें रावात!" थांबले. सगळ्या गाड्या गेल्यावर त्यानेच हात दिला. तेव्हापासून मी कठड्याला धरून शेवटी उतरते, पायात रबरी तळाची चप्पल.

समुद्रात घोट्यापर्यंतच. परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते आणि तोल कधी गेला ते कळतही नाही. लाल बावटा असेल तर तेवढंही नको. औषधांची यादी, मुलांचा नंबर आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी संपते. रुग्णवाहिकेसाठी १०८.

मंगेशीला जायचं तर सोमवार निवडा. संध्याकाळी पालखी निघते, आणि दीपमाळेजवळ उभं राहून ती बघताना घड्याळाकडे लक्ष जात नाही. म्हणून जातानाच कंडक्टरला परतीची शेवटची बस विचारून ठेवा, आणि त्याच्या आधीची पकडा.