राहत्या घरावरचे सिमेंटचे पत्रे उतरवताना

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस या खनिजाचे बारीक तंतू असतात. पत्रा धड असेल, भेगा नसतील, तर काढायची घाई करू नका. धोका असतो तो पत्रा फोडताना, कापताना, घासताना. श्वासावाटे गेलेले तंतू फुफ्फुसात रुतून बसतात आणि आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी दिसतो. म्हणून ‘आम्ही कित्येक घरांचे काढले, काही झालं नाही’ हे गुत्तेदाराचं म्हणणं कामाचं नाही.

काम दिवाळी ते संक्रांत या काळात, वारा नसलेल्या सकाळी घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात धुळीपासून वाचवणारा अंगभर सूट घालून माणूस टिकत नाही. मग तो आधी मास्कच काढतो.

त्या दिवशी लेकराबाळांसह सगळे दुसरीकडे राहायला जा. धान्य, गोधड्या, पाण्याची भांडी बाहेर हलवा. जे हलत नाही ते प्लास्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा. जमिनीवर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा. शेजाऱ्यांना दारं-खिडक्या लावायला सांगा. मेन स्विच बंद करा, कारण वायर बऱ्याचदा पत्र्याखालच्या लोखंडी अँगललाच बांधलेली असते.

मास्क एफएफपी३ दर्जाचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा हवा. रुमाल किंवा कापडी मास्कने तंतू अडत नाहीत, आणि दाढी असेल तर चांगला मास्कही चेहऱ्याला नीट बसत नाही.

फवारणीच्या पंपात पाणी आणि चमचाभर भांडी घासायचा साबण घ्या. औषध मारलेला पंप नको. पत्रे दोन्ही बाजूंनी भिजवा, पण धारेने नको, बारीक फवाऱ्याने. काम चालू असताना वाळले की पुन्हा भिजवा.

पत्र्यावर पाय देऊ नका. जुना पत्रा अचानक मोडतो आणि माणूस सरळ खाली येतो. परांची लावून आतूनच काम करा. पत्रा अँगलला धरून ठेवणाऱ्या हुकाचे गंजलेले नट फिरत नाहीत, म्हणून अँगलभोवतीचा वाकडा भाग बोल्ट कटरने तोडा. ग्राइंडर किंवा हातोडा बिलकूल नको. आधी कोना, म्हणजे छपराच्या माथ्यावरचा जोडपत्रा काढा, मग वरच्या ओळीपासून खाली या. खालच्या पत्र्यावर वरचा चढवलेला असतो. उलट्या क्रमाने ओढलं की कडा तुटतात. ३ मीटरचा पत्रा साधारण ४० किलोचा असतो. तो दोघांनी अख्खा उतरवायचा, खाली टाकायचा नाही.

पत्रे ओले असतानाच दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी मारा. तुकडे दुहेरी पिशवीत भरा. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकीही त्याच पिशवीत टाका. आधी सूट उतरवा, मास्क सगळ्यात शेवटी, मग अंघोळ. कामाचे कपडे घरच्या धुण्यात गेले की धूळ धुणाऱ्या बाईच्या नाकात जाते.

उतरलेले पत्रे गोठ्याला, न्हाणीला लावणं किंवा फोडून रस्त्याच्या भरावात टाकणं ही आपल्याकडची सर्रास चूक आहे. बैलगाडी, ट्रॅक्टर जाऊन तुकड्यांचा भुगा होतो आणि तंतू पुन्हा हवेत येतात. हा घातक कचरा आहे. कुठे द्यायचा हे नगरपालिका किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर कार्यालयात काम सुरू करण्याआधीच विचारा.