नशामुक्तीसाठी बक्षीस देताना या चुका टाळा

मेथ (मेथॅम्फेटामाइन, उत्तेजक नशा) आणि कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेत अजून एकही मान्यताप्राप्त औषध नाही. सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो बक्षीस-पद्धतीला: लघवीची तपासणी स्वच्छ आली की ठरलेलं बक्षीस. कॅलिफोर्नियाने 2023मध्ये ती गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून सुरू केली. दिसायला सोपी आहे, म्हणूनच राबवताना सैल पडते.

सगळ्यांत महागात पडतो तो उशीर. "महिनाअखेरीस सगळ्यांचं एकदम देऊ" म्हटलं की पद्धत संपली. लघवी तपासायची पट्टी वाचून झाली की माणूस खुर्चीतून उठायच्या आत कूपन हातात पडलं पाहिजे.

दुसरं, रक्कम चढती हवी. कॅलिफोर्नियात पहिले 12 आठवडे आठवड्याला दोन तपासण्या. सुरुवात 10 डॉलरपासून, प्रत्येक स्वच्छ आठवड्यानंतर दीड डॉलर वाढ, बाराव्या आठवड्यात 26.50. घसरला, म्हणजे तपासणीत नशा दिसली, की पुन्हा 10. पण लागोपाठ दोन तपासण्या स्वच्छ आल्या की तो जुन्या पायरीवर परत येतो, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं. सगळं गेलं असं वाटलेला माणूस पुन्हा फिरकत नाही. म्हणून घसरला त्याच दिवशी, कागदावर आकडे लिहून दाखवा.

मेथ लघवीत साधारण दोन ते चार दिवसच सापडतं, तेव्हा आठवड्याला एक तपासणी पुरत नाही, सोमवार-गुरुवार ठेवा. सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिन या औषधाने नशा केली नसतानाही तपासणीत दोष दिसू शकतो, आधी विचारा. मुंबई-पुण्यात 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन घेणाऱ्यांसाठी मेथ ज्या गटातलं, त्या ॲम्फेटामाइनच्या नेहमीच्या पट्टीवर विसंबू नका. ती ते बहुतेकदा पकडत नाही.

स्वतः नशेतून गेलेला पीअर कार्यकर्ता ही या कामातली खरी ताकद. त्याला पहारेकरी करू नका. लघवीचा नमुना दुसऱ्याने घ्यावा, पीअरने सोबत द्यावी. त्याला मानधन नाही, रीतसर पगार द्या.

ज्याला आज सोडायचं नाही, त्यालाही हाकलू नका. अमेरिकेतल्या मेथमध्ये फेंटॅनिल, म्हणजे अफूसारखं पण फार जहाल, जीवघेणं रसायन निघतं. त्याला नशेच्या पुडीतलं फेंटॅनिल ओळखणारी तपासपट्टी वापरायला शिकवा. 10 मिलिग्रॅम मेथला एक पूर्ण चमचा, म्हणजे 5 मिली पाणी. कमी घातलं तर फेंटॅनिल नसतानाही पट्टी आहे म्हणते. इथे एक रेघ म्हणजे फेंटॅनिल आहे, दोन म्हणजे आढळलं नाही. गर्भचाचणीच्या बरोबर उलट, त्यामुळे घाईत हमखास चुकतं. दोन रेघा आल्या तरी नॅलोक्सोन (फेंटॅनिलच्या अतिमात्रेवरचा उतारा) हाताशी आणि सोबतीला कुणीतरी हवंच, कारण पुडीत विष सगळीकडे सारखं मिसळलेलं नसतं.