पदवी नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये यायचंय?

मी बारावीनंतर कॉलेज सोडलं आणि आज पुण्यात सॉफ्टवेअरमध्येच आहे. तरी ‘आता डिग्री कोण बघतं?’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. बघतात, पण ठरावीक ठिकाणीच.

पहिलं ठिकाण म्हणजे अर्ज. बीई, बीटेक, एमसीए, दहावीपासून सगळीकडे ६० टक्के, अशा अटींच्या चाळणीतून आपला रेझ्युमे माणसापर्यंत पोचतच नाही. म्हणून मी लहान कंपन्या धरल्या. तिथे मालकच मुलाखत घेतो आणि त्याला सोमवारपासून कामाला लागणारा माणूस हवा असतो.

दाखवायला टू-डू अ‍ॅप नेऊ नका, ते सगळ्यांकडे असतं. मी तालुक्याच्या गावच्या एका कृषी सेवा केंद्रासाठी बिलिंग लिहिलं होतं. बियाण्यावर जीएसटी नाही, खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८. एकाच बिलात तिन्ही. शिवाय बॅच नंबर, एक्सपायरी आणि पीक हाती येईपर्यंतची उधारी. मुलाखतीत प्रश्न आला, “गिऱ्हाइकानं एक गोणी परत आणली तर?” मूळ बिलाला हात लावायचा नाही. क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा दाखवणारा कागद, काढायची, स्टॉक वाढवायचा, उधारी कमी करायची, आणि हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. मध्येच वीज गेली तर अर्धवट नोंद राहता कामा नये. पुढची सगळी मुलाखत त्या गोणीभोवतीच फिरली. टक्के कुणी विचारलेच नाहीत.

बारावीनंतर थेट घेणारेही आहेत. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीच्या झोहो स्कूल्समध्ये शिकताना स्टायपेंड मिळतो. एचसीएल या आयटी कंपनीचं टेकबी हे ट्रेनिंग आहे, त्याच्या फीच्या अटी आधी वाचा.

लहान कंपनीत पगार रोखीत घेऊ नका. पीएफ, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग लेटर मागून घ्या. डिग्री नसलेल्याचा अनुभव हाच कागद. विकतची डिग्री तर मुळीच लावू नका, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सापडतेच.

दुसरं ठिकाण व्हिसा. अमेरिकेच्या एच-वन-बीसाठी कॉलेजच्या एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा अनुभव धरतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला बारा वर्षं! जर्मनी बरी. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे आयटीवाल्यांना गेल्या सात वर्षांतल्या तीन वर्षांच्या अनुभवावर, पगाराची अट पुरी केली तर, पदवीशिवाय ब्लू कार्ड, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, मिळू शकतं.

तरीही नोकरी करता करता इग्नूचं बीसीए करून टाका, मीही केलं. परीक्षा जून आणि डिसेंबरच्या सत्रात असतात आणि सॉफ्टवेअरचा नवा रिलीज नेमका तेव्हाच निघतो. रजेचं मॅनेजरच्या कानावर आधीच घालून ठेवा.