जुनी ८०० घेऊन ऑटोक्रॉसचा अख्खा सीझन कसा काढायचा

हे लिहितेय ते पुण्यातल्या त्या सगळ्यांसाठी ज्यांना टीव्हीवर स्टॉक कार रेसिंग बघून वाटतं की आपणही कधीतरी करावं, आणि मग वाटतं आपल्याकडे ट्रॅकच कुठे आहे. खरंय, अमेरिकेतला तो गोल ओव्हल ट्रॅक आणि चाळीसेक गाड्या एकमेकींना घासत पळतायत हा प्रकार आपल्याकडे रुजला नाही, आणि मोठी सर्किट म्हणजे चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचं कारी, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध, सगळी लांब. पण ऑटोक्रॉस आहे ना. मुरमाचं मैदान, रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे कोन लावून आखलेला रस्ता, एका वेळी एकच गाडी आणि लढत घड्याळाशी. ज्यांनी मंचर-खेडकडच्या घाटात बैलगाडा बघितलाय त्यांना लगेच कळेल, तिथे जशी एकेक बारी सेकंदावर मोजतात तसंच हे.

माझे दोन सीझन झाले, दोन्ही एकाच मारुती ८०० वर. पहिल्या वर्षी पाचपैकी दोन राउंड अर्धवट सोडले, दुसऱ्या वर्षी पाचही पूर्ण केले. इंजिनला हात लावला नाही, ड्रायव्हर पण मीच, तरी पॉइंट्सच्या यादीत कितीतरी वर गेले कारण न संपवलेल्या राउंडला शून्य मिळतं. म्हणून खाली जे सांगतेय ते फास्ट कसं जायचं हे कमी आणि पाचही रविवारी गाडी फिनिश लाइनच्या पलीकडे कशी न्यायची हे जास्त आहे.

आधी कागद. एफएमएससीआय म्हणजे देशातली मोटरस्पोर्टची फेडरेशन, तिचं लायसन्स दर वर्षी नव्याने काढावं लागतं, त्याला मेडिकल लागतं, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मग प्रत्येक राउंडचं नियमांचं पत्रक येतं, सगळे त्याला एसआर म्हणतात, ते दोनदा वाचा. कोन पडला तर किती सेकंद दंड, रस्ता चुकला तर काय, तुमच्या क्लासमध्ये काय बदललेलं चालतं, सगळं त्यात असतं आणि दर वेळी सारखंच असेल असं नाही. एक गोष्ट सांगते, अमेरिकेत स्टॉक कार रेसिंग चालवणारी संस्था म्हणजे नॅसकार, तिच्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ची पहिलीच रेस १९ जून १९४९ ला शार्लटला झाली, ग्लेन डनअवे पहिला आला, आणि तपासणीत त्याच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या म्हणून बाद, विजय गेला जिम रोपरला. स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशी. त्यामुळे कुणी म्हणालं की मागे जरा कडक स्प्रिंग टाक कोण बघतंय, तर नको म्हणा, स्क्रूटिनीत, म्हणजे गाडीच्या तपासणीत, बघतात.

गाडी कुठली घ्यायची, तर मी ८०० च म्हणेन. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, हलकी, पुढच्या चाकांवर चालणारी, आणि २०१४ ला बंद झाली तरी पार्ट अजून नाना पेठेत मिळतात, तेही एका फेरीत. घेताना इंजिनपेक्षा खालची बॉडी बघा, सस्पेन्शन जिथे बसतं तिथे गंज असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा कारण रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आपल्याला वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा, वेल्ड करायला चांगला पत्राच राहत नाही.

पैसे या क्रमाने घाला: केज, सीट आणि बेल्ट, हेल्मेट, ब्रेक, कूलिंग, टायर. इंजिन सगळ्यात शेवटी, खरं तर पहिल्या वर्षी नाहीच. रोल केज सीमलेस, म्हणजे लांबीत जोड नसलेल्या, पाइपचाच पाहिजे, नळाचा जीआय पाइप वापरून कुणी स्वस्तात करून देतो म्हणालं तर तिथून निघा, कारण गाडी उलटली की तोच पाइप तुमच्या डोक्यावर असतो. भोसरीत चांगले फॅब्रिकेटर आहेत, पण आधी केलेला एखादा केज दाखवा म्हणायचं, आणि वेल्ड पूर्ण गोल फिरलंय का ते पाइपच्या मागून बोट फिरवून बघायचं. डोकं जिथे आपटू शकतं तिथे पॅडिंग. फायर एक्स्टिंग्विशर बेल्ट लावलेल्या अवस्थेत हाताला आला पाहिजे, बसून ट्राय करा. बॅटरी पट्टीने आवळलेली, पुढे-मागे टोइंगचे हुक. इतकं केलं की स्क्रूटिनी निम्मी झाली.

आता माझे दोन राउंड कशाने गेले ते. पहिला मार्चच्या उन्हात, रेडिएटरच्या वरच्या पाइपची जुनी क्लिप सुटली, सगळं कूलंट मुरमावर आणि तापमानाची सुई लालवर. काहीशे रुपयांची वस्तू आणि अख्खा दिवस वाया. बाबा सकाळी पाचपासून माझ्याबरोबर होते, ते काही बोलले नाहीत, नुसती वेळा लिहायची वही मिटली, ते मला आजही आठवतं. दुसरा एक्सलच्या रबरी बुटाने, आधीच्या राउंडला दगडाने चीर गेली होती, मी बघितलंच नाही, आत माती गेली आणि सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा बुटातला सांधा, कटकट करत तिसऱ्या रनला गेला. तेव्हापासून सीझनआधी सगळे होज, सगळ्या क्लिपा, फॅन बेल्ट नवे, आणि प्रत्येक राउंडनंतर सोमवारी संध्याकाळी गाडी जॅक-स्टँडवर घेऊन टॉर्च लावून खालून बघायची. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही. बूट, इंजिन माउंटिंग, लोअर आर्म, इंजिनखालच्या ऑइलच्या पात्राला मार बसलाय का, व्हील बेअरिंगचा आवाज. एअर फिल्टर काढून झटकायचा, मैदानावर तर दर रननंतर, कारण मुरमाची धूळ पिठासारखी बारीक असते. रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल आतल्या बाजूने पाणी मारून काढायचा, बाहेरून मारलं तर अजून आत बसतो.

ब्रेक ऑइल पावसाळ्यानंतर बदलायचंच, ते हवेतली ओल शोषतं आणि मग तापलं की पेडल मऊ होतं. हँडब्रेकची केबल नीट ताणून घ्या, यू-टर्नच्या कोनाला मागचं फिरवायला तोच लागतो. टायरमध्ये मी मागे पुढच्यापेक्षा चार पीएसआय जास्त ठेवते, मागचं थोडं सुटतं आणि गाडी वळते, पण तुम्ही तुमचं बघा, दर रनचे आकडे लिहून ठेवा. आमच्याकडे वही बाबांकडे असते, वेळ, हवा, ऊन, पाणी मारलंय की नाही, सगळं.

पाण्यावरून आठवलं. टँकर धूळ बसवायला पाणी मारतो आणि त्याच्या लगेच मागून ज्याचा नंबर येतो त्याला मैदान साबणासारखं लागतं. पुढे दहा-बारा गाड्या गेल्या की वरचा सुटा मुरूम बाजूला होतो, खाली कडक लाइन निघते आणि वेळा भराभर उतरतात, आणि दुपारी त्याच लाइनीत खड्डे पडायला लागतात. त्यामुळे सकाळची लाइन दुपारी चालेल असं धरू नका, रांगेत उभं असताना मोबाइल ठेवून पुढच्या गाड्या कुठे उड्या मारतायत ते बघा. पायी फिरून ट्रॅक बघायला देतात तेव्हा तीनदा फिरा, एकदा गप्पा मारत चालेल पण दोनदा एकटं, आणि मग डोळे मिटून सगळे कोन म्हणता आले पाहिजेत. नवीन लोकांचे सगळ्यात जास्त सेकंद रस्ता चुकण्यात जातात, वेगात नाही.

पहिला रन नेहमी आठ आणे जोराने. एक वेळ नोंदली गेली, गाडी धड आहे, मग दुसऱ्याला बघू. वळणाच्या आधी ब्रेक संपवा, मध्ये घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं मागचं बाहेर जातं, हे मैदानावर मुद्दाम करून शिका.

मैदानावरच, हे जोर देऊन सांगते. ताम्हिणीत किंवा कात्रजच्या जुन्या घाटात पहाटे प्रॅक्टिस करणारे आहेत, प्लीज करू नका. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर रेस लावणं गुन्हा आहे, आणि वळणापलीकडून दुधाचे कॅन घेऊन कुणी येत असतं त्याला आपल्या लायसन्सशी काही घेणंदेणं नाही. आणि गाडीची साधी इन्शुरन्स पॉलिसी रेसिंगला लागू होत नाही, तेव्हा केज बसवलेली गाडी टेम्पोत घालून न्या आणि टेम्पोतच आणा. टेम्पो दोघांत वाटून घेतला तर परवडतो, आम्ही चिंचवडमधले दोघं तसंच करतो.

सीझनचं गणित साधारण दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. मी खंडेनवमीला पान्यांची पूजा झाली की लगेच सगळ्या गाडीचे नट टॉर्क पान्याने चेक करते. तारखा पुढेमागे होतात म्हणून दोन राउंडच्या मध्ये हाताशी एक एक्सल, एक क्लच केबल, दोन टायर, होजचा सेट असू द्या.

मे संपला की गाडी धुऊन, खालची सगळी माती काढून, पूर्ण सुकवून शेडमध्ये. बॅटरी काढून घरात. आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका, चार महिन्यांच्या ओलीत मागचे शूज ड्रमला असे चिकटतात की ऑक्टोबरमध्ये हातोडी घेऊन बसावं लागतं, फर्स्ट गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.